भंगार तारांवरील पीव्हीसी आवरणाचे विद्रावकाद्वारे पुनर्चक्रण : फेरारा प्रकल्पाची एक चिकित्सा

सारांश

विजेच्या टाकाऊ तारांमधून तांबे काढून घेतल्यावर उरणाऱ्या पीव्हीसी आवरणाचे काय करावे, हा पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही ज्ञानशाखांना स्पर्श करणारा प्रश्न आहे. या आवरणाचे विद्रावकाच्या साहाय्याने पुनर्चक्रण करणारा इटलीतील फेरारा येथील प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये बंद पडला. प्रस्तुत लेखात या प्रकल्पामागील तत्त्व, त्याच्या यशाचे मानलेले निकष, युरोपीय रसायन कायद्याशी झालेला संघर्ष आणि भारतीय परिस्थितीतील त्याची प्रस्तुतता यांची चिकित्सा केली आहे. प्रकल्पाचे अपयश तांत्रिक नसून निकषांच्या निवडीतील आहे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

प्रस्तावना

विजेची तार ही दोन भिन्न मूल्यांच्या पदार्थांची जोडी आहे. आतील तांब्याला बाजारात कायम भाव असतो. बाहेरील आवरणाला जवळजवळ नसतो. भंगार व्यवसायाचे सारे गणित या विषमतेवर उभे आहे. जाड केबल सोलून काढणे परवडते; परंतु बारीक तारांचा गुंता सोलत बसण्यापेक्षा त्याला आग लावणे मजुराला सोपे वाटते. घानामधील अक्रा शहरातील अग्बोग्ब्लोशी असो किंवा दिल्लीच्या सीमेवरील मंडोली असो, तारा जाळून तांबे मिळविण्याची ही रीत सर्वत्र सारखीच आढळून आलेली आहे.

या ज्वलनाचे रसायनशास्त्र सुपरिचित आहे. शुद्ध पीव्हीसीच्या वस्तुमानात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. ज्वलनात त्याचा मोठा भाग हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो आणि अपुऱ्या तापमानात डायॉक्सिन गटातील संयुगे तयार होतात. तांबे या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरते. म्हणजे जो धातू मिळविण्यासाठी आग लावली जाते, तोच धातू धुरातील विष वाढवितो. आवरणात स्थिरकारक म्हणून शिशाची संयुगे असल्यास त्यांचाही अंश धुरात आणि राखेत उतरतो.

या पार्श्वभूमीवर, आवरण न जाळता ते विरघळवून पुन्हा वापरात आणण्याची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. ती कल्पना औद्योगिक प्रमाणावर दीर्घकाळ राबविणारा ठळक प्रयोग म्हणजे सॉल्व्हे या बेल्जियन कंपनीने विकसित केलेली ‘विनिलूप’ पद्धत व तिचा फेरारा येथील कारखाना होय. त्याची वार्षिक क्षमता सुमारे १०,००० टन होती. केबलचे टाकाऊ आवरण हा त्याचा प्रमुख कच्चा माल होता. या प्रकल्पाची प्रशंसा विपुल झाली आणि त्यावर टीकाही झाली. दोन्हींच्या पलीकडे जाऊन त्याचे मूल्यमापन करणे आवश्यक आहे.

पद्धतीचे स्वरूप

या पद्धतीमागील तत्त्व नळजोडणी करणाऱ्या कारागिरालाही परिचित आहे. पीव्हीसीचे दोन नळ जोडताना लावले जाणारे सॉल्व्हंट सिमेंट नळाचा पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि विद्रावक उडून गेल्यावर दोन्ही पृष्ठभाग एकजीव होतात. मिथाइल एथिल कीटोन, टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन ही पीव्हीसीला विरघळविणारी द्रव्ये आहेत. ‘समान समानाला विरघळविते’ हा जुना नियम संख्येत मांडण्यासाठी विद्राव्यता मापांक वापरला जातो. पीव्हीसी आणि मिथाइल एथिल कीटोन या दोहोंचा हा मापांक १९ च्या आसपास आहे. पॉलिएथिलीनचा त्याहून बराच कमी आहे. म्हणून पॉलिएथिलीन, रबर आणि रेणूसाखळ्या एकमेकींना जोडलेले पॉलिएथिलीन या विद्रावकात न विरघळता तसेच राहतात.

फेरारा येथील प्रक्रियेचे टप्पे याच निवडक विद्राव्यतेवर आधारलेले होते. तांबे काढल्यावर उरलेले आवरणाचे तुकडे बंद पात्रात विद्रावकात घालून तापविले जात. पीव्हीसी विरघळे, तांब्याचे कण, रबर, कापड व इतर प्लॅस्टिक गाळून वेगळे केले जात. नंतर द्रावणात वाफ सोडली जाई. विद्रावक वाफेबरोबर उडून जाई आणि पीव्हीसी पाण्यात बारीक दाण्यांच्या रूपाने खाली बसे. विद्रावक थंड करून पुन्हा वापरात घेतला जाई आणि दाणे वाळवून विक्रीस पाठविले जात.

या रचनेतील एक वैशिष्ट्य निर्मात्यांनी गुण म्हणून मांडले होते. केबलचे पीव्हीसी हे केवळ बहुवारिक नसते. त्यात मऊपणा आणणारे प्लॅस्टिसायझर, चुन्याची भुकटी, स्थिरकारक व रंग यांचे मिश्रण असते. फेरारा प्रकल्पातून बाहेर पडणारे दाणे हे शुद्ध बहुवारिकाचे नसून या संपूर्ण मिश्रणाचे असत. त्यामुळे खरेदीदाराला नव्याने प्लॅस्टिसायझर घालण्याची गरज फारशी उरत नसे. तयार मऊ पीव्हीसी मिळणे हे आर्थिकदृष्ट्या फायद्याचे होते. पुढे हेच वैशिष्ट्य प्रकल्पाच्या मुळावर आले.

यशाचा निकष आणि त्याची मर्यादा

अमेरिकेतील अक्रन येथे बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये मऊ पीव्हीसीचा शोध लावला, तो पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रव्यात तापवून. थंड झाल्यावर हाती आला तो रबरासारखा लवचिक पदार्थ. या इतिहासात एक तात्त्विक सूचना दडलेली आहे. प्लॅस्टिसायझर हा एका अर्थाने पीव्हीसीतून बाहेर न गेलेला विद्रावकच आहे. तो पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. साखळ्यांच्या मधे सामावलेला असतो.

ही बाब लक्षात घेतली म्हणजे विनिलूप पद्धतीची मर्यादा आपोआप स्पष्ट होते. केबलमध्ये दीर्घकाळ सर्रास वापरला गेलेला प्लॅस्टिसायझर म्हणजे डीईएचपी हे थॅलेट संयुग. पीव्हीसीला विरघळविणारे विद्रावक डीईएचपीलाही विरघळवितात. गाळणीत तो अडकत नाही. वाफ सोडल्यावर सुमारे ८० अंश सेल्सिअसला उकळणारा मिथाइल एथिल कीटोन उडून जातो. परंतु डीईएचपीचा उत्कलनबिंदू ३८० अंशांच्या वर आहे आणि पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. त्याला जाण्यास वाटच उरत नाही. तो दाण्यांतच परततो. शिसेयुक्त स्थिरकारकांचे अतिसूक्ष्म कणही गाळणीतून पार होऊन मिश्रणात राहू शकतात.

सारांश, ही पद्धत डोळ्यांना दिसणारी भेसळ दूर करते आणि रेणूच्या पातळीवरील भेसळ जशीच्या तशी पुढे पाठविते. तांब्याचा कण किंवा रबराचा तुकडा हा उत्पादकाच्या यंत्राला त्रास देणारा दोष आहे. डीईएचपी हा वापरणाऱ्याच्या शरीराला त्रास देणारा दोष आहे. पद्धतीची आखणी पहिल्या दोषाच्या निवारणासाठी झाली. दुसरा दोष तिच्या दृष्टीने दोष नव्हता, माल होता.

उद्योगाने प्रसिद्ध केलेल्या पर्यावरणीय तुलनेलाही हीच मर्यादा आहे. नव्या पीव्हीसीच्या तुलनेत या पुनर्चक्रित पीव्हीसीला ४६ टक्के कमी प्राथमिक ऊर्जा लागते आणि हरितगृह वायूंचा भार ३९ टक्के कमी असतो, असे सांगण्यात आले. या आकड्यांना आव्हान देण्याचे कारण नाही. परंतु अशा तुलनेत एक गृहीतक अनुस्यूत असते : पुनर्चक्रित एक किलो माल नव्या एक किलो मालाची जागा घेतो. प्रत्यक्षात निरनिराळ्या रंगांच्या आवरणांच्या मिश्रणातून काळपट दाणे मिळतात आणि अशा मालाची विद्युत् निरोधक क्षमता नव्या मालाएवढी भरवशाची नसते. त्यामुळे तो तारेच्या निरोधक थरात सहसा परतत नाही. पादत्राणांचे तळवे, नळ्या, चटया, फरशीचे आच्छादन अशा वस्तूंकडे वळतो. ‘लूप’ या नावात जे वर्तुळ सूचित होते ते येथे पूर्ण होत नाही. शिवाय भिंतीच्या आत बंद असलेले द्रव्य पायाखाली येते. ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्या आकड्यांत मानवी संपर्कातील हा फरक मोजला जात नाही.

कायद्याशी संघर्ष

युरोपीय संघाचा ‘रीच’ हा रसायनविषयक कायदा १ जून २००७ पासून अंमलात आला. प्रजननास घातक म्हणून वर्गीकृत झालेल्या डीईएचपीचा समावेश २०११ मध्ये परवान्याची आवश्यकता असलेल्या द्रव्यांच्या यादीत झाला आणि २१ फेब्रुवारी २०१५ नंतर विशेष परवान्याशिवाय त्याचा वापर करण्यास मनाई झाली. या कायद्यात कचरा हा कचरा असेपर्यंत वेगळ्या नियमांखाली असतो. तो पुन्हा माल झाला की रसायन कायद्याच्या कक्षेत येतो. ज्या क्षणी फेरारा येथील दाणे विक्रीयोग्य ठरत, त्याच क्षणी ते डीईएचपीयुक्त माल ठरत.

फेरारा प्रकल्पासह तीन पुनर्चक्रण कंपन्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. युरोपीय संसदेने २५ नोव्हेंबर २०१५ रोजी ठराव करून असा परवाना देण्यास विरोध नोंदविला. तो ठराव बंधनकारक नव्हता. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये मर्यादित मुदतीचा परवाना दिला. त्याची मुदत फेब्रुवारी २०१९ मध्ये संपणार होती. त्याआधीच, जून २०१८ मध्ये, कारखाना बंद करण्यात आला. डिसेंबर २०१८ मध्ये संमत झालेल्या नियमानुसार ७ जुलै २०२० पासून बहुसंख्य ग्राहकोपयोगी वस्तूंमध्ये डीईएचपीसह चार थॅलेटांचे एकत्रित प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवणे बंधनकारक झाले. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी, प्रत्येक थॅलेटकरिता स्वतंत्रपणे, तीच टक्केवारी २२ जुलै २०१९ पासून लागू झाली होती.

या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या आवरणात २० टक्के डीईएचपी आहे असे मानल्यास ते प्रमाण ०.१ टक्के या मर्यादेच्या २०० पट होते. केवळ नवा माल मिसळून ते मर्यादेपर्यंत आणावयाचे तर एक किलो पुनर्चक्रित मालात १९९ किलो नवा माल घालावा लागेल. अर्थात, विरलीकरणाचा मार्ग येथे व्यवहारात बंद आहे. डीईएचपी काढणे अथवा माल सोडून देणे, एवढेच दोन पर्याय उरतात.

टीकाकारांच्या भूमिकेची तपासणी

प्रकल्प बंद पडल्यावर विषारी पुनर्चक्रण थांबले, असे समाधान पर्यावरणवादी वर्तुळात व्यक्त होणे समजण्यासारखे आहे. परंतु या समाधानाचीही तपासणी व्हावयास हवी. कारखाना बंद झाल्याने भिंतींतील आणि यंत्रांतील जुन्या तारा नाहीशा झाल्या नाहीत. तारेचे आयुष्य अनेक दशकांचे असते. आज भंगारात येणारी तार एका पिढीपूर्वीच्या रसायनशास्त्राचा वारसा घेऊन येते. पुनर्चक्रण नाकारले की तिचे आवरण दाहक भट्टीकडे, भरावभूमीकडे किंवा परदेशाकडे जाते. भट्टीत क्लोरीनचे उदासीनीकरण करताना क्षारांचा नवा कचरा निर्माण होतो. भरावभूमीत प्लॅस्टिसायझर सावकाश पाझरतो.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. २०१५ ते २०२० या काळात परवान्याची अट युरोपात द्रव्य वापरणाऱ्या उत्पादकाला लागू होती. बाहेरून आयात होणाऱ्या तयार वस्तूंतील डीईएचपीवर तिचा अंमल नव्हता. म्हणजे फेराऱ्याच्या दाण्यांपासून युरोपात चटई बनविण्यास परवाना लागे, परंतु तेच द्रव्य असलेली आयात चटई या अटीतून सुटे. कायद्याचा हेतू योग्य असूनही त्याच्या अंमलाचा क्रम चुकला होता, असे म्हणावे लागते.

तरीही या विसंगतींमुळे मूळ आक्षेप निकालात निघत नाही. ‘अन्यथा जाळावे लागेल’ हा युक्तिवाद कोणत्याही पुनर्चक्रणाच्या समर्थनार्थ करता येतो. म्हणूनच तो पुरेसा नाही. पुनर्चक्रणाने घातक द्रव्याचे आयुष्य एका पिढीने वाढत असेल, तर ते कचऱ्याचे निवारण नसून त्याचे स्थगन ठरते. नव्या वस्तूच्या भंगारात पुढील पिढीला तेच द्रव्य, आता नकळत आणि विखुरलेल्या स्वरूपात, पुन्हा भेटणार असते.

पर्यायी प्रयोग

या कोंडीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. प्रयोगशाळेत हेक्झेन किंवा डायएथिल ईथर यांच्या साहाय्याने पीव्हीसीतील प्लॅस्टिसायझर निष्कर्षित करता येतो; ही द्रव्ये पीव्हीसीला मात्र विरघळवीत नाहीत. म्हणजे आधी प्लॅस्टिसायझर धुऊन काढणे आणि नंतर बहुवारिकाला हात घालणे हा क्रम तत्त्वतः शक्य आहे. जपानमधील तोहोकु विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये याच दिशेचे काम प्रसिद्ध केले. त्यांनी वाहनांतील बारीक तारा ब्यूटाइल ॲसिटेटमध्ये फुगवून गोलकचक्कीत फिरविल्या. फुगलेले आवरण तांब्यापासून सुटले आणि प्लॅस्टिसायझर विद्रावकात उतरला. बारीक तारा हाच जाळण्यास सर्वाधिक कारणीभूत होणारा माल असल्याने हे काम विशेष महत्त्वाचे आहे. पॉलिस्टायरीनच्या बाबतीत घातक ज्वलनरोधक द्रव्य वेगळे काढणारी ‘क्रिआसॉल्व्ह’ ही जर्मन पद्धतही त्याच विचारधारेतील आहे.

मात्र येथेही हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. प्लॅस्टिसायझर काढला की हाती उरते ते कडक पीव्हीसी. त्यात नवे प्लॅस्टिसायझर घालण्याचा खर्च आला. काढलेल्या डीईएचपीची विल्हेवाट लावण्याचा खर्च आला. दोन विद्रावकांच्या ऊर्ध्वपातनाची ऊर्जा लागली. फेरारा प्रकल्पाला जी काटकसर साधली होती, ती नेमकी या टप्प्यांना वगळल्यामुळे साधली होती. शुद्धतेची किंमत कोणी भरावयाची, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात पीव्हीसी आवरणासहित तांब्याच्या तारांच्या भंगाराचा समावेश २००८ च्या घातक कचरा नियमांतील अनुसूचीत झालेला आहे. ई-कचऱ्यासंबंधीचे नियम २०११ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियमांची परंपरा अशी सलग असली, तरी तार भंगारवाल्याच्या काट्यावर आल्यावर तिचा प्रवास बहुतांशी अनौपचारिक क्षेत्रातच होतो.

अशा परिस्थितीत विद्रावक पद्धतीकडे दोन प्रकारे पाहण्याचा मोह होतो. पहिला मोह म्हणजे ती लघुउद्योगासाठी सुचविण्याचा. तो टाळलाच पाहिजे. मिथाइल एथिल कीटोनची वाफ शून्य अंशाखालील तापमानातही पेट घेऊ शकते; ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. बंद पात्रे, वाफेचे संघनन आणि ठिणगीरहित विद्युत् जोडणी यांशिवाय गल्लीतील शेडमध्ये असा उद्योग सुरू करणे म्हणजे उघड्या आगीऐवजी बंदिस्त स्फोटाला निमंत्रण देणे होय. दुसरा मोह म्हणजे फेरारा प्रकल्प ‘कायद्याने बंद पाडला’ म्हणून तोच प्रकल्प जेथे थॅलेटविषयक बंधने शिथिल आहेत अशा देशात आणण्याचा. हा मोह अधिक घातक आहे. कारण त्यात शिथिलतेलाच नैसर्गिक लाभ समजले जाते.

भारतीय परिस्थितीत प्राधान्याचा क्रम वेगळा असावा. तारा न जाळता तांबे मिळणे ही पहिली गरज आहे आणि ती यांत्रिक मार्गाने भागू शकते. तारांचे बारीक तुकडे करून हवेच्या किंवा पाण्याच्या साहाय्याने घनतेनुसार तांबे व प्लॅस्टिक वेगळे करणारी यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांचा लाभ छोट्या भंगार व्यावसायिकाला सामाईक केंद्रांतून मिळाला, तर आगीचे आर्थिक कारण दुबळे होते. वेगळ्या झालेल्या आवरणासाठी, त्याची घटना तपासून, मर्यादित व मानवी संपर्काबाहेरचा वापर ठरविता येईल. प्लॅस्टिसायझर काढणारी विद्रावक पद्धत ही त्यानंतरची, मोठ्या व नियंत्रित प्रमाणावरील पायरी होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न आज बनणाऱ्या तारेचा आहे. तारांसाठीच्या भारतीय मानकांचा मुख्य भर विद्युत् सुरक्षितता, ताणशक्ती व उष्णता सहन करण्याची क्षमता यांवर राहिला आहे. तारेच्या आयुष्याच्या अखेरीस ती कोणाच्या हाती पडणार, हा विचार मानकात अंतर्भूत होणे आवश्यक आहे. आवरणात कोणता प्लॅस्टिसायझर व कोणता स्थिरकारक आहे याची नोंद तारेवरच छापली गेली, तर तीस वर्षांनंतरच्या पुनर्चक्रण करणाऱ्याला निदान आपल्या हातात काय आहे हे कळेल.

निष्कर्ष

फेरारा प्रकल्पाने विद्रावकाच्या साहाय्याने मिश्र कचऱ्यातून पीव्हीसी वेगळे करता येते आणि विद्रावक पुन्हा वापरता येतो, हे सोळा वर्षे औद्योगिक प्रमाणावर सिद्ध केले. ही उपलब्धी नाकारण्याचे कारण नाही. त्याचे अपयश वेगळ्या ठिकाणी आहे. ‘किती टक्के माल परत मिळाला’ हा निकष त्याने मानला. ‘मालाबरोबर काय परत आले’ हा निकष त्याच्या आखणीत नव्हता. कायद्याने दुसरा प्रश्न विचारला तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तम उत्तर निरुपयोगी ठरले.

कायद्याच्या बाजूनेही त्रुटी राहिली. जुन्या मालाची जबाबदारी न ठरविता केवळ त्याच्या परतीची वाट बंद करणे हे अर्धे धोरण आहे. पुनर्चक्रणाचा पुरस्कार करणाऱ्याने आपल्या चक्रातून काय फिरते आहे ते सांगितले पाहिजे. आणि त्याला विरोध करणाऱ्याने तार शेवटी कोणाच्या अंगणात जळणार आहे ते सांगितले पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली जात नाहीत तोवर विद्रावकाचे पात्र आणि भंगाराच्या ढिगावरील आग यांतील निवड ही अपुरीच राहील.